गोड्या टाकीतून खाऱ्या टाकीकडे : प्रस्तावना

उरणजवळच्या द्रोणागिरी वसाहतीत, नव्या इमारतींतून माशांची टाकी दिसली तर कुणी थबकत नाही. दिवाणखान्यात दोन-तीन फुटांची काच, तळाला रंगीत खडे, गोल्डफिश, गप्पी, एखादी एंजल आणि काच चाटत बसलेला सकर. बहुतेक घरांत हा छंद इथेच स्थिरावतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. काहींच्या मनात मात्र पुढचा प्रश्न येतो. एका बाजूला करंजाची खाडी, पलीकडे अरबी समुद्र, आणि आपल्या घरात तेवढे नळाचे पाणी. मग आहे तीच टाकी खाऱ्या पाण्याची करता येईल का? करता येते. ज्यांना हा प्रश्न पडला त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. ज्यांना तो अजून पडलेला नाही, त्यांनीही चार पाने चाळून पाहावीत अशी विनंती आहे.

हा विषय महागड्या हौसेचा आहे असा एक समज आहे. तो पूर्ण खोटा नाही. खाऱ्या टाकीला गोड्या टाकीपेक्षा खर्च जास्त येतो. पण या छंदाचे मर्म यंत्रांत नसून पाण्याच्या समजुतीत आहे, आणि त्या बाबतीत उरण तालुक्यातला माणूस कुणापेक्षा मागे नाही. गोडे पाणी कुठे संपते आणि खारे कुठून सुरू होते, ही सीमा इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हातांनी राखली आहे. समुद्राचे पाणी अडवायला मातीचे बांध घातले, आत साचलेले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे आणि भरतीचे आत येऊ नये म्हणून उघाड्या बसवल्या, आणि त्या खारजमिनींत भात पिकवला. बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले, तर पुढचे काही पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत पीक नाही, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही. त्याच पट्ट्यात, बांधाच्या दुसऱ्या अंगाला, खारे पाणी मुद्दाम आत घेऊन मिठागरे चालली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली. या काळात शेते, मिठागरे आणि पाणथळी यांतला मोठा भाग भरावाखाली गेला. वसाहतीत नव्याने राहायला आलेल्यांपैकी अनेकांना आपल्या इमारतीखालची जमीन एके काळी कोणत्या पाण्याची होती हे ठाऊक नसते. खाऱ्या टाकीच्या निमित्ताने तेही कळेल, हा या छंदाचा मला दिसणारा एक आडवाटेचा लाभ.

पहिली गोष्ट माशाच्या शरीराची. तिच्याशिवाय बाकीचे नियम नुसते पाठांतर होतात. हाडांच्या माशांच्या रक्तातला खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतो. मासा नदीतला असो की समुद्रातला, त्यात फारसा फरक नसतो. म्हणून गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचे पाणी सतत शिरत राहते. तो पाणी जवळजवळ पीत नाही, पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांवाटे क्षार धरून ठेवतो. समुद्रातल्या माशाची अडचण नेमकी उलटी. त्याच्या अंगातले पाणी बाहेर खेचले जाते, म्हणून तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. गोल्डफिशच्या टाकीत मीठ टाकून समुद्र का होत नाही, याचे उत्तर एवढेच आहे. गोल्डफिशकडे ती दुसरी व्यवस्थाच नाही.

काही माशांकडे मात्र दोन्ही व्यवस्था असतात, आणि त्यांतला सर्वांत मानाचा मासा आपल्याच ताटातला आहे. जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. त्याची पिल्ले खाड्यांत, खारफुटीत, खाजणांत वाढायला येतात. रायगडात ही पिल्ले धरून गावच्या तळ्यात, गोड्या पाण्यात सोडायची आणि पोसून मोठी करायची, ही जुनी रीत आहे. पाव्हण्यासाठी तळ्यातला जिताडा काढणे म्हणजे काय, हे पेण-अलिबाग-उरणकडच्या वाचकांना सांगायला नको. आपण टाकीत जे करू पाहतो आहोत, त्याची उलटी वाट रायगडातला शेतकरी कधीपासून चालतो आहे. फरक इतकाच की तो मासा बदलत नाही, फक्त माशाचे पाणी बदलतो. आपल्याला पाणी आणि मासे दोन्ही बदलायचे आहेत. अपवाद हवाच असेल तर काळ्या मोलीचा घ्या. तिला हळूहळू सवय केली तर ती पूर्ण समुद्री खारटपणातही मजेत राहते. आपल्या जुन्या टाकीतून नव्या टाकीत सोबत नेता येईल असा मासा बहुधा तेवढाच.

आता मिठाचा विचार. इथे वाचकांनी थोडे थांबून वाचावे, कारण नवशिक्याचा पहिला घोटाळा नेमका इथे होतो. समुद्राचे पाणी म्हणजे पाणी अधिक मीठ, असे वाटणे स्वाभाविक आहे. मग जवळच्या मिठागराचे खडे मीठ पाण्यात विरघळवले की समुद्र परत मिळायला हवा. मिळत नाही, आणि का मिळत नाही ते मिठागरातच दिसते. उन्हात पाणी आटू लागले की विरघळलेले क्षार एकदम तळाला बसत नाहीत. आधी चुनखडीचा अंश, मग जिप्सम, आणि पाणी सुमारे २५ अंश बोमेपर्यंत (बोमे हे पाण्याच्या दाटपणाचे माप) दाट झाले की खाण्याचे मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे कडवट क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. ते कडू पाणी मीठवाला सोडून देतो, नाहीतर मीठ कडू आणि ओलसर होते. म्हणजे चांगले मीठ तेच, ज्यातून समुद्रातल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी काढून टाकल्या आहेत. मीठवाल्याचे कौशल्य नको ते वगळण्यात, आणि टाकीवाल्याला लागते ते नेमके वगळलेलेच. कार्बोनेटचे क्षार नसतील तर पाण्याचा सामू (पीएच) टिकत नाही, आणि मॅग्नेशियम, कॅल्शियम नसेल तर शिंपले, गोगलगायी, प्रवाळ यांना कवच किंवा सांगाडा बांधता येत नाही.

म्हणून बाजारात मिळणारे मरीन सॉल्ट वापरायचे. ते तयार करता येते यामागेही एक मोठी कहाणी आहे. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरचे समुद्र पालथे घातले. त्या सफरीतून आणलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा, की खुल्या समुद्राचा एकूण खारटपणा ठिकाणानुसार कमीजास्त असला, तरी त्यातल्या मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखेच असते. समुद्र इतका नेमका आहे म्हणूनच तो पिशवीत भरून विकता येतो. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम सॉल्ट लागते. तीन फुटी टाकीत १५० लिटर पाणी धरले, तर साडेपाच किलोच्या आसपास. मोजायला हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर हवे; आपल्याला विशिष्ट घनता १.०२३ ते १.०२५ च्या दरम्यान ठेवायची आहे. मिठागरात वापरतात ते बोमे मापक आणि हे हायड्रोमीटर एकाच तत्त्वावर चालतात. दाट पाण्यात नळी वर तरंगते, पातळ पाण्यात खाली बुडते. दोघांच्या खुणा तेवढ्या वेगळ्या.

‘मग खाडीचेच पाणी का नको?’ हा प्रश्न करंजा किंवा मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहून विचारला, तर त्याचे उत्तर डोळ्यांसमोर असते. आपल्या किनाऱ्याचे पाणी गाळाचे आहे, आणि उधाणाच्या भरती-ओहोटीत तो गाळ सतत ढवळला जातो. शेजारी बंदर, तेलाच्या टाक्या आणि वाढती वस्ती आहे. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पावसाळ्यात डोंगरांवरून आणि नद्यांतून गोडे पाणी लोटते, आणि खाडीचा खारटपणा फार खाली येतो. खाडीतल्या बोय, शिंगाळा, निवट्या, चिंबोरी यांना हे चढउतार अंगवळणी पडलेले आहेत. टाकीत जे मासे आपण पाळणार, ते बहुधा प्रवाळ खडकांवरचे, जिथे वर्षभर पाणी नितळ आणि एकसारखे असते. त्यांच्या अंगी ही सहनशक्ती नाही. म्हणून समुद्राच्या काठी राहूनही तुम्हाला पिशवीतले सॉल्ट आणि आरओचे पाणी वापरायचे आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि त्यात विरघळलेले इतर पदार्थ टाळण्यासाठी आरओचे पाणी. हे वाचताना थोडे हसू आले तरी हरकत नाही.

टाकी बदलणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचा अंदाज आता देतो. सविस्तर कृती पुढील प्रकरणांत आहे. जुनी काच चालेल, पण ती गळत नाही याची खात्री करून घ्या. खारे पाणी जड असते, लिटरला सुमारे १.०२५ किलो, आणि वर दगड-वाळूचे वजन वेगळे. रंगीत खडे, लाकूड, झाडे सगळे काढायचे. माशांना खाज किंवा पांढरे ठिपके झाले म्हणून पूर्वी टाकीत तांब्याचे औषध घातले असेल, तर त्या टाकीत कोळंबी, शंख, प्रवाळ ठेवण्याचा विचार सोडून द्या. तांब्याचा अंश मागे राहतो आणि बिनकण्याच्या जिवांना तो घातक असतो. तळाला प्रवाळी वाळू, वर सच्छिद्र दगडांची रचना. जुना हवेचा पंप एकटा पुरत नाही, कारण त्याच तापमानाच्या खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो. पाणी वरपासून खालपर्यंत हलते ठेवायला पावरहेड लागते. स्किमर नावाचे यंत्र पाण्याचा फेस काढून त्यासोबत घाण बाहेर टाकते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक आणि टिकाऊ होतात म्हणून ते इथे चालते, गोड्या पाण्यात जवळजवळ निरुपयोगी ठरते.

एवढे सगळे एका रविवारी लावून होते. पाणी नितळ दिसते, पावरहेडची लाट सुंदर दिसते, आणि संध्याकाळी मासे आणायला कुर्ल्याला निघावे असा मोह होतो. वाचकांनी तो आवरावा. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. गोड्या टाकीतही हेच घडत होते, पण तिथले जिवाणू खाऱ्या पाण्यात तसेच काम करत नाहीत. वस्ती नव्याने बसवावी लागते. शिवाय समुद्राचा सामू ८.१ ते ८.४, आणि सामू वाढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. सामू ७ असलेल्या टाकीत जेवढा अमोनिया मासा सहन करतो, तेवढाच इथे सुमारे दहापट घातक ठरतो. जिवाणूंची ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकायचे, टेस्ट किटने पाणी तपासायचे, आकडे वहीत लिहायचे. अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार झाली. माझ्या मते हे आठवडे म्हणजे या छंदातला सर्वांत रंजक काळ आहे. दिसत काहीच नाही, पण वहीत एक अख्खे जग उभे राहत असते. माशांच्या दुकानात हे ऐकून घेणारे कमी भेटतात, म्हणून इथे आग्रहाने लिहितो आहे.

पुढची शिस्त दोन गोष्टींची. टाकीतून पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याने घालायची. खारे पाणी फक्त पाणी बदलताना. मिठागराचे तत्त्व जाणणाऱ्याला हे लगेच पटेल. पाणी कमी झाले म्हणून खारेच पाणी ओतत राहिले, तर आपण घरात मिठागर चालवू लागतो. दुसरी गोष्ट उष्म्याची. प्रवाळी मासे २४ ते २७ अंशांत सुखी असतात. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत, दिवे आणि पंपांची ऊब धरून, टाकी ३० च्या वर सहज जाते. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी भराभर कमी होते. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे पंख्याचा गुण कमी होतो. चिलर घ्यायचा की नाही याचा निर्णय खिशाइतकाच घराच्या दिशेवर अवलंबून आहे. पश्चिमेच्या भिंतीला टाकी ठेवूच नका. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप मात्र प्रत्येकाने घ्यावा. त्यात काटकसर नको.

घरात समुद्र ठेवण्याची ही खटपट नवी नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यालय उघडले, त्यामागे फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक होता. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्याने कृत्रिम समुद्रजलाची कृतीही तयार केली. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी दाखवून दिले, की जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकीतले पाणी स्वच्छ राहू शकते. आज सगळे ज्याला लाइव्ह रॉक म्हणतात त्याचे मूळ तिथे आहे. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले. त्याच्या काचांना नाक लावून समुद्री मासे पाहिलेल्या दोन-तीन पिढ्या मराठी घरांत आहेत. या पुस्तिकेच्या वाचकांपैकी अनेकांची ओढ तिथूनच सुरू झाली असणार.

लाइव्ह रॉक आणि प्रवाळ यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाराष्ट्राला प्रवाळ आहे. मालवणच्या परिसरात आहे, ज्याला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित केले, आणि किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आंग्रिया बँकेवर आहे. २००१ पासून आपल्या समुद्रातले खडकबांधणी करणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. म्हणजे वाघाला आहे त्याच यादीचे. मालवणला फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे, किंवा कुणी ‘ओरिजिनल’ म्हणून देऊ केलेला समुद्रघोडा घेणे, हा छंद नाही, गुन्हा आहे. टाकीसाठी भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंटी सच्छिद्र दगड मिळतात. त्यांवर जिवाणू तितक्याच आनंदाने राहतात.

मासेही शक्यतो पैदास केंद्रातले घ्यावेत. क्लाउनफिश, म्हणजे लहान मुले ज्याला निमो म्हणतात तो, आता देशातच पैदा होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास पद्धत बसवली आहे. असा मासा टाकीतच जन्मलेला असल्याने कोरडे खाद्य खातो, काचेला बुजत नाही, आणि त्याच्यासाठी कुणी खडकावर जाळे टाकलेले नसते. या माशाचे कुटुंबही पाहण्यासारखे. सगळे नर म्हणून वाढतात. गटातला सर्वांत मोठा मादी होतो, आणि ती गेली की तिचा जोडीदार मादी होतो. पहिल्या टाकीला दोन क्लाउनफिश, काही शंख आणि एखादी सफाई कोळंबी एवढे पुष्कळ आहे. तीन फुटी टाकीत पहिल्याच महिन्यात आठ मासे ठेवणाऱ्यांना ही पुस्तिका फारशी मदत करू शकणार नाही.

पुस्तिका क्रमानेच वाचावी असा आग्रह नाही. ज्यांची गोडी टाकी आज नीट चालू आहे त्यांनी आधी जिवाणूंचे प्रकरण वाचावे आणि आपल्याच टाकीचे पाणी महिनाभर तपासून पाहावे. ते जमले तर निम्मे काम झाले. ज्यांची टाकी वारंवार गढूळ होते, मासे मरतात, त्यांनी खाऱ्या पाण्याकडे वळण्याआधी गोड्या टाकीचे कारण शोधावे, कारण खारे पाणी चूक लवकर दाखवते आणि महाग दाखवते. खर्चाचे प्रकरण शेवटी ठेवले आहे, पण घरातल्या इतरांना विश्वासात घ्यायचे असेल तर ते आधी वाचलेले बरे.

आणि सॉल्टची पिशवी फोडण्याआधी एक काम. टाकीतले जुने मासे कुणाला द्यायचे ते ठरवून ठेवा: शेजारी, शाळेची टाकी, किंवा ज्या दुकानातून घेतले ते दुकान. ते गावच्या तळ्यात किंवा पाणथळीत सोडू नका. सकर मासा आपल्या तळ्यांत टिकतो, वाढतो, काठ पोखरतो आणि स्थानिक माशांचे अन्न ओरबाडतो. ज्या तळ्यात उद्या कुणी जिताड्याची पिल्ले सोडणार असेल, तिथे आपला सकर आधी पोहोचलेला नसावा.